आधी पेशंटचा शब्द लिहा: वॉर्डात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

क्लिनिकल पोस्टिंग लागली की स्टेथोस्कोप, हॅमर, टॉर्च, मोजपट्टी अशी सगळी जमवाजमव होते. त्यात ॲप्रनच्या खिशात मावेल अशी एक छोटी वही टाका. डाव्या पानावर पेशंटने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहायचा. उजव्या पानावर, विचारपूस करून त्याचा जो अर्थ कळला तो. आजाराचं इंग्रजी नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की काय होतं, ते मी इंटर्नशिपमध्ये स्वतःच्या हातून घडताना पाहिलं आहे.

स्त्रीरोग ओपीडी होती. साठीच्या एक बाई समोर बसल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "अंगावरून जातंय." बाहेर रांग लागलेली. मी केसपेपरवर पांढऱ्या स्रावाची तक्रार म्हणून नोंद केली आणि गोळ्या लिहायला घेतल्या. मागून मॅडम आल्या, कागद पाहिला आणि बाईंना विचारलं, "काय जातं? पांढरं की लाल?" बाई म्हणाल्या, "मटण धुतलेलं पाणी असतंय बघा, तसं." त्यांची पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती. तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. बाईंनी काहीही लपवलं नव्हतं. 'अंगावरून जाणं' पांढऱ्यालाही म्हणतात आणि लाललाही. त्यातला एक अर्थ मी न विचारताच उचलला होता.

पेशंटचा शब्द हा पुरावा आहे. रक्ताचा नमुना हातात आल्यावर आपण त्यात काही मिसळत नाही, तसंच शब्दाचं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीतून येतं.

पहिला आठवडा: इथे कोण येतं, काय बोलतं?

ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांवर देशभरातली मुलं महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांत येतात. त्यांना मराठी शिकावी लागते हे उघड आहे. २०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास आहेत आणि पुढे 'एटकॉम' नावाने वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषयही आहे. ते तास बुडवू नका. पण आपली मायबोलीच मराठी आहे, आपल्याला काय शिकायचंय, असं समजणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमात वाढलेल्या मुलीला 'परसाकडे साफ होत नाही' (म्हणजे संडासला साफ होत नाही) हे वाक्य कळत नाही, आणि कळलं नाही असं म्हणायची तिला लाज वाटते.

शिवाय सगळीकडे एकच मराठी नाही. धुळे-जळगावकडे अहिराणी ऐकू येते, नागपूर-अमरावतीकडे वऱ्हाडी, भंडारा-गोंदियाकडे झाडीबोली. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू घरात बोलणारे पेशंट रोज भेटतात. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगरांत भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. सिंधुदुर्गातले कितीतरी पेशंट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात. तिथे मालवणी आणि कोंकणी एकाच बाकावर शेजारी बसलेल्या दिसतात. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७०च्या दशकात हेमलकशाला गेले तेव्हा त्यांना माडिया येत नव्हती. ती शिकल्यावरच लोकांशी बोलणं सुरू झालं. तुम्ही सहा महिन्यांच्या पोस्टिंगसाठी अख्खी भाषा शिकावी अशी अपेक्षा नाही. पण दुखतं, कधीपासून, ताप, जेवलात का, घाबरू नका, एवढं त्यांच्या बोलीत यायला हवं. ते कोणाकडून शिकायचं? वॉर्डातल्या मावशींकडून, मामांकडून, आशाताईंकडून. हातात वही घेऊन गेलात तर आनंदाने सांगतात.

खाटेपाशी गेल्यावर: हाक

आपल्या सरकारी दवाखान्यांत आयाबाईंना 'मावशी' आणि वॉर्डबॉयना 'मामा' म्हणतात, नर्स असतात 'सिस्टर'. त्यामुळे "मावशी, इकडे या" अशी हाक पेशंट बाईंना मारलीत तर भलतंच कोणीतरी वळून बघतं. पेशंटसाठी आजी, आजोबा, काका, ताई, दादा हे शब्द चालतात. आडनाव माहीत असेल तर 'पाटील काका' म्हणा. तिशीतल्या बाईला 'काकू' म्हणू नका, 'ताई' म्हणा. वय कळत नसेल तर नुसतं 'तुम्ही' पुरतं, नातं जोडायलाच हवं असं नाही.

'तुम्ही' मात्र सोडायचं नाही. लहान मुलं सोडून सगळ्यांना. बारकाईने बघा, फाटकं धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याला "ए बाबा, सरक तिकडे" म्हटलं जातं आणि इस्त्रीचा शर्ट घातलेल्याला "सर, बसा ना." हे कोणी ठरवून करत नाही. कानावर पडत राहतं आणि तोंडात बसतं. त्या म्हाताऱ्याची सून शेजारी उभी असते. घरात ज्यांच्यापुढे ती आवाज चढवत नाही, त्यांना वीस-बावीस वर्षांचं पोर अरे-तुरे करतंय हे ती बघत असते. त्यानंतर तुम्ही कितीही चांगलं औषध दिलंत तरी त्या घरात तुमच्याबद्दल काय बोललं जाईल याचा विचार करा. उलट एखादा डोंगरपाड्यावरचा पेशंट तुम्हाला सरळ 'तू' म्हणाला तर रागावू नका. अनेक बोलींमध्ये मोठ्यांनाही, देवालाही 'तू'च म्हणतात. त्यात आपुलकी असते.

मग स्वतःची ओळख, आणि ती खरी. "मी डॉक्टर आहे" असं विद्यार्थ्याने म्हणू नये. असं म्हणा: "मी इथे डॉक्टरकी शिकते. तुमचे डॉक्टर राउंडला येतीलच. मी तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलू का, तपासू का? नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी पडणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. खाट मिळालीय, औषधं फुकट मिळताहेत, तर 'नाही' कसं म्हणायचं, असं ओझं त्यांच्या मनावर असतं. आणि नाही म्हणाले तर खरंच उठा, नमस्कार करा आणि पुढे जा.

खाटेला नंबर असतो, माणसाला नसतो. "चौदा नंबरचं ब्लड गेलं का?" हे कामाच्या घाईत तोंडातून निघतं, ते समजण्यासारखं आहे. पण "चल, तिकडे एक मस्त लिव्हर आलंय" हे त्या माणसाच्या बायकोच्या कानावर पडतं. मी ते ऐकणाऱ्या बायकोचा चेहरा पाहिला आहे. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये पेशंटला अवयवाच्या नावाने कोणी हाक मारत नाही.

पहिली दोन मिनिटं: पेन खाली ठेवा

"काय त्रास होतोय? अगदी सुरुवातीपासून सांगा." एवढं म्हणून थांबा. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात असं दिसलं होतं. आपल्या ओपीडीच्या गर्दीत त्याहून बरी स्थिती असेल असं मला वाटत नाही. तुम्ही अजून विद्यार्थी आहात, तुमच्यामागे रांग नाही. ही चैन आयुष्यात पुन्हा मिळणार नाही, ती वापरा. मध्ये फक्त "बरं", "मग?", "अजून?" एवढंच.

पेशंट लांबून सुरुवात करतात. "लेकीचं लग्न झालं ना, तेव्हा पाहुण्यांची लई धावपळ झाली..." हे फापटपसारा समजून तोडू नका. दुखणं कधी सुरू झालं, किती काम केल्यावर धाप लागायची, हे सगळं त्या लग्नाच्या गोष्टीतच असतं. तारखा विचारून हाती काही लागत नाही. "आठ-पंधरा दिवस" म्हणजे थोडे दिवस, ते मोजून सांगितलेलं नसतं. त्याऐवजी विचारा: "पोळ्याच्या आधीपासून की नंतर? गणपतीत होतं का? पेरणीला गेला होतात तेव्हा?" उत्तर पक्कं मिळतं.

आता वही काढा

इथे थोडं जास्त थांबते, कारण निदान बहुतेक वेळा इथेच होतं किंवा हुकतं.

दुखण्यालाच किती शब्द आहेत बघा. ठणका लागतो तो पू धरलेल्या गळवाला, किडलेल्या दाढेला. कळ येते आणि जाते. बाळंतपणाच्याही कळाच. पोटात मुरडा येतो तेव्हा सोबत संडासला जायची घाई असते. चमक निघते ती क्षणात, पाठीतून पायात. ठसठसतं, जळजळतं, टोचतं, गच्च होतं, जड होतं. हे सगळे शब्द तुम्ही केसपेपरवर 'पेन' (दुखणं) या एकाच इंग्रजी शब्दात कोंबलेत तर पेशंटने अर्धं निदान हातात दिलं आणि तुम्ही ते टाकून दिलंत.

'चक्कर' आली की तीन गोष्टी विचारा. आजूबाजूचं सगळं गरगर फिरतं का? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? की डोकं ठीक असतं पण चालताना तोल जातो? पहिल्यात कानाकडे किंवा मेंदूकडे बघायचं, दुसऱ्यात बीपीकडे आणि रक्ताकडे, तिसऱ्यात नसांकडे, पायांकडे आणि लहान मेंदूकडे. मराठीत तिन्हीला चक्करच म्हणतात.

'पित्त' तर फारच फसवा शब्द आहे. छातीत जळजळणं म्हणजे पित्त. अर्धं डोकं दुखून उलटी झाल्यावर बरं वाटतं तेही पित्त, म्हणजे बऱ्याचदा मायग्रेन. अंगावर गांध्या उठून खाज सुटते त्यालाही "पित्त उठलं" म्हणतात. आणि सगळ्यात जपून राहायचं ते पन्नाशीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या माणसाने "छातीखाली पित्त अडकलंय, घाम फुटतोय" किंवा "गॅस वर चढलाय" म्हटलं तर. आधी ईसीजी काढा, नावाचा विचार मग.

'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ, उन्हाशी थेट संबंध असेलच असं नाही. 'वारं गेलं' म्हणजे अर्धांगवायू. 'कसर' किंवा 'कणकण' म्हणजे बारीक ताप, आणि ती रोज संध्याकाळी येत असेल तर टीबीचा विचार मनात यायला हवा. 'दम लागतो' आणि 'दमा आहे' यांत फरक आहे, ऐकताना घोटाळा करू नका. 'जीव घाबरा होतो' यात भीती असेल, धडधड असेल, साखर उतरलेली असेल. 'मला बीपी आहे' म्हणणाऱ्याला वाढतं की कमी होतं ते विचारा. 'पेशी कमी झाल्या' म्हणजे बहुधा प्लेटलेट्स, 'फोटो काढला' म्हणजे एक्स-रे, 'बाटली लावली' म्हणजे सलाईन. 'नागीण' झालेल्या माणसाला तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो अशी धास्ती असते. ती ऐकून हसू नका, "ही अंगाच्या एकाच बाजूच्या नसेवरून जाते, वेढा घालत नाही" असं सांगा. रात्रीची झोप त्या एका वाक्याने लागते.

अवघड प्रश्न कसे विचारायचे

मराठी क्रियापदात आरोप चटकन शिरतो. "औषध का बंद केलंत?" असं विचारलं की पेशंट गुन्हेगार होतो आणि "नाही, घेतोय की" असं उत्तर येतं. "औषध कधीपासून बंद आहे? काय अडचण आली?" असं विचारलं की दुसरंच बाहेर येतं: एसटीचं भाडं, शेतातली कामं, गोळीने होणारी मळमळ, नवऱ्याने विचारलेलं "अजून किती दिवस?". "बंद केलं" आणि "बंद पडलं" यात डॉक्टर-पेशंटचं सगळं नातं सामावलेलं आहे.

तंबाखूचंही तसंच. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" म्हणतील, आणि ते खरंच असेल, कारण त्या तंबाखू खात नाहीत, मिश्री लावतात. भाजलेली तंबाखूच ती. "मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. पुरुषांना "दारू पिता का?" याऐवजी "कधीमधी घेता का? किती?" आणि आवाजात निवाडा नको.

बायकांच्या तक्रारींसाठी एक आकडा लक्षात ठेवा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोगाचा काही ना काही आजार आढळला. त्या दवाखान्यात का येत नव्हत्या? अंतर, पैसा, स्त्री डॉक्टर नसणं, हे सगळं होतंच. पण ज्या गोष्टीला घरातही उघड शब्द नाही, ती परक्या पुरुषासमोर कोणत्या शब्दांत मांडायची? पाळीला कुठे 'बाजूला बसणं' म्हणतात, कुठे 'अडचण', कुठे 'कावळा शिवला'. तुम्ही ते शब्द सहज, न अडखळता उच्चारलेत की समोरच्या बाईचे खांदे सैल होतात. हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

सासू, मुलगा, शेजारची खाट

प्रश्न सुनेला विचारला आणि उत्तर सासूने दिलं, हे रोजचं आहे. सासूंना दुखवू नका, त्यांचं ऐकून घ्या, मग "आजी, जरा तपासायचं आहे, तुम्ही बाहेर थांबता का?" म्हणा आणि पडदा ओढा. पुरुष विद्यार्थी असाल तर सोबत सिस्टर किंवा सहविद्यार्थिनी हवीच. पडद्याआड मारहाणही कळते, मूल न होण्यावरून चाललेला छळही कळतो.

दुभाषी लागला तर पेशंटच्या दहा वर्षांच्या मुलाला कधीच उभं करू नका. आईच्या अंगावरून काय जातं हे त्याने का सांगावं? पाळी, गर्भपात, एचआयव्ही, मनाचा आजार असा विषय असेल तर शेजारच्या खाटेवरच्या बाईही नकोत. त्या गावातल्याच निघाल्या तर गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने त्या माणसाच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करायला मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या. दुभाषी मिळाला की त्याच्याकडे न बघता पेशंटकडे बघून बोला, छोटी वाक्यं वापरा, आणि पाच मिनिटांच्या बोलण्याचं "नाही म्हणतो" एवढंच भाषांतर आलं तर पुन्हा विचारा.

राउंड: खाटेभोवतीची इंग्रजी

केस प्रेझेंट करताना इंग्रजी लागते, परीक्षा इंग्रजीत आहे, ते टळणार नाही. वैद्यकीय शिक्षण मराठीत असावं का, हा वाद मोठा आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. पण खाटेभोवती दहा-बारा जण उभे राहून वीस मिनिटं आपल्याबद्दल परक्या भाषेत बोलताहेत, मान हलवताहेत, एकजण पोट दाबून बघतोय, हे आडवं पडून ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल? सुरुवातीला "काका, आम्ही तुमच्या आजाराबद्दल आपसात इंग्रजीत बोलतोय, झालं की तुम्हाला सांगतो" म्हणा. आणि शेवटी खरंच सांगा. सर पुढच्या खाटेकडे गेले की एकाने मागे थांबायचं आणि दोन वाक्यांत सांगायचं. हे काम मी दर महिन्याला एका विद्यार्थ्याकडे देते.

सांकेतिक शब्दांवर भिस्त ठेवू नका. टीबीला 'कॉक्स', कॅन्सरला 'सीए', एचआयव्हीला 'बी-ट्वेंटी-फोर' म्हटलं की पेशंटला कळत नाही, हा भ्रम आहे. त्याच वॉर्डात आठ दिवस काढलेल्या माणसाला सगळं कळतं. आणि साध्या साडीतल्या बाई निवृत्त शिक्षिका असू शकतात.

सीनियरची भाषा तुमच्या तोंडात

रेसिडेंट ३६ तास जागा असतो. त्याला लेक्चरर सगळ्यांसमोर झापतो, तो इंटर्नवर खेकसतो, इंटर्न मामांवर, आणि शेवटी तो सूर पेशंटवर जाऊन थांबतो. पेशंटच्या पुढ्यात "तुला एवढंही येत नाही?" ऐकलेल्या विद्यार्थ्याकडून तो पेशंट पुन्हा स्वतःला तपासून घ्यायला बिचकतो. शिक्षक आणि सीनियर हे वाचत असतील तर त्यांना विनंती, चूक दाखवायची ती ड्युटी रूममध्ये दाखवा.

तुम्ही नवे असाल तर न कळलेलं तिथल्या तिथे विचारा: "सर, हा शब्द कळला नाही, पेशंट 'भोवळ' म्हणताहेत." यात कमीपणा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी प्रेझेंटेशनमध्ये अडखळल्यावर हसणारे भेटतात. त्या मुलांना मी एवढंच म्हणते की त्या आजींनी काय सांगितलं ते वॉर्डात सगळ्यात आधी तुम्हाला कळलं होतं. इंग्रजी सहा महिन्यांत जमते. ज्यांना ती आधीच येते, त्यांनी यांच्याशी जोडी करावी. एकाने शब्द समजावावा, दुसऱ्याने प्रेझेंटेशन घासून द्यावं.

सांगताना

"उद्या फास्टिंग शुगरसाठी या." परराज्यातून आलेल्या एका इंटर्नने याचं भाषांतर "उद्या उपवास करून या" असं केलं होतं. आजोबा साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन आले. त्यांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. शब्द हवा 'उपाशीपोटी', आणि पुढे जोडायचं: "रात्री जेवल्यानंतर काही नाही. सकाळी चहासुद्धा नाही. पाणी चालेल." चहा आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत, म्हणून तो वेगळा सांगावाच लागतो.

"थुंकी आणा" म्हटलं की डबीत लाळ येते आणि टीबीची तपासणी वाया जाते. "सकाळी उठल्यावर चूळ भरा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या. मग छातीतून खाकरून जो बेडका येतो तो या डबीत." करून दाखवा. टीबीचं औषध सुरू करताना "लघवी तांबडी-केशरी होईल, ते या गोळीच्या रंगामुळे, रक्त नाही" हे पहिल्याच दिवशी सांगा. न सांगितल्यामुळे घाबरून औषध बंद पडलेले पेशंट मी पाहिले आहेत.

'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' याचा अर्थ अनेकांना 'चांगला आला' असा लागतो. "तपासणीत आजार सापडला आहे" किंवा "आजार सापडला नाही" असं सरळ म्हणा. "पथ्य काय?" या प्रश्नाला "काही नाही, सगळं खा" हे उत्तर देऊ नका. आपल्या माणसाला पथ्य सांगितलं नाही तर उपचार अर्धाच झाल्यासारखा वाटतो, आणि काय खायचं-प्यायचं हे त्याने स्वतःहून विचारलंय तर ती शिकवायची संधी आहे. मीठ, साखर, तेल, पाणी यातलं जे त्याला लागू आहे ते वाटी-चमच्याच्या मापात सांगा.

आणि "कळलं का?" विचारू नका. उत्तर नेहमी "हो" असतं.

सही आणि वाईट बातमी

"इथे सही करा, नाहीतर ऑपरेशन होणार नाही" ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या एका निकालात संमतीआधी पुरेशी माहिती द्यायला हवी असं स्पष्ट केलं आहे: काय करणार, कशासाठी, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, न केल्यास काय होईल. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी धरता येत नाही, हेही त्यात आहे. फॉर्म मराठीत असला तरी त्यातली मराठी पेशंटला कळेलच असं नाही. वाचून दाखवा, 'भूल', 'टाके', 'पिशवी काढणं' असे घरचे शब्द वापरा. अंगठा घेताना तर दुप्पट वेळ द्या.

वाईट बातमी देणं विद्यार्थ्याचं काम नाही, पण तुम्ही तिथे उभे असाल. बघून शिका. आधी बसायचं, मग "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" विचारायचं, मग "बातमी चांगली नाही" म्हणून क्षणभर थांबायचं, मग एका वाक्यात खरं सांगायचं आणि गप्प राहायचं. मृत्यूच्या वेळी 'एक्स्पायर', 'कोलॅप्स' हे शब्द नकोत. "आजोबा गेले" हे मराठी वाक्य स्वच्छ आहे आणि त्यात मायाही आहे. जिवाला धोका असेल तर "सिरियस आहे" एवढ्यावर सोडू नका. "तब्येत फार खालावली आहे, आज रात्री दगावू शकतात, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा" असं सांगितलं तर गावाकडचा मुलगा वेळेत पोचतो.

नातेवाईक कोपऱ्यात गाठून म्हणतील, "आईला सांगू नका, ती खचेल." यात त्यांची माया आहे, तिचा मान ठेवा. पण आईलाही विचारा: "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की मुलांशी बोलू?" कितीतरी आया म्हणतात, "मला माहितेय बाळा. पोरांना सांगू नका, ती खचतील."

घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं, गोळ्यांची नावंही. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढा, जेवणाआधीच्या गोळीसाठी रिकामं ताट, नंतरच्या गोळीसाठी भरलेलं. मग पेशंटच्या शेजारी बसा आणि विचारा: "आजी, घरी गेल्यावर सुनेने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" आजी सांगतील. जिथे चुकेल तिथे तुमचं सांगणं चुकलं होतं असं धरून पुन्हा सांगा, वेगळ्या शब्दांत. परत कधी यायचं ते वारासकट सांगा, बाजाराच्या दिवशी जमत असेल तर तो वार द्या. कोणत्या त्रासाला थांबायचं नाही, लगेच निघायचं, ते दोनच गोष्टींत सांगा: "धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी या, तारखेची वाट बघू नका." कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा आणि आत येऊन कोणाला विचारायचं ते कार्डाच्या मागे मराठीत लिहून द्या.

त्या आजींनी जाता जाता एखादा नवा शब्द वापरला असेल. रात्री होस्टेलवर गेल्यावर तो डाव्या पानावर उतरवा, आणि उजवं पान कोरं असेल तर उद्या मावशींना विचारा.